माळवदावरची माती

शीत प्रदेशांत स्थायिक झालेल्या आमच्या आप्तांशी मार्च-एप्रिलच्या सुमारास बोलणे झाले की एक विषय हटकून निघतो. बर्फ वितळले, आता छपराकडे पाहावयास हवे. पन्हाळीत काय साचले, कोणती फळी कुजली, भिंतीला कोठे तडा गेला, हे तपासण्याचे दिवस आले. हिवाळ्याने घराला जो मार दिला त्याची मोजदाद करण्याचा तो ऋतू. आमच्या बीदरच्या पठारावर हिवाळा हा घराचा वैरी नव्हे. तो कोरडा, सुखद आणि चार दिवसांचा पाहुणा. आमचे भय पावसाचे. आणि म्हणून घराच्या डागडुजीचा आमचा काळ पाडव्यापासून मृगापर्यंतचा. हंगामाचा हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण विचार करू जाता त्यात बरेच काही आहे. तेथे होऊन गेलेल्या प्रहाराचे व्रण डोळ्यांसमोर असतात. जेवढे मोडले तेवढे सांधावयाचे. येथे प्रहार अद्याप व्हावयाचा असतो. डागडुजी अनुमानाने करावी लागते, आणि अनुमानाने करावयाच्या कामात 'असू द्या थोडे अधिक' हाच शहाणपणा वाटतो. या 'थोड्या अधिका'विषयीच आम्हांस येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

बीदर शहरातील जुनी घरे जांभ्या दगडाची. कलबुर्गीकडे सरकले की शहाबादी फरशीचे राज्य सुरू होते, ती पायाखाली तशीच डोक्यावरही. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातील खेड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांच्या डोळ्यांसमोर घर म्हटले की येते ते माळवद. काळ्या दगडाच्या हात-दोन हात रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर आडव्या नाटा, मग फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, चिखल, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणण्याचा जुना प्रघात. वस्ती ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, चुलींची राख, पडक्या भिंती, शेणकूट जेथे मिसळून गेले, त्या जुन्या गावठाणाची ही माती. पाणी तिच्यातून सहजी झिरपत नाही. पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती आणून नातवंडांच्या घरावर घालावयाची, हा या रचनेचा अर्थ आम्हांस लहानपणी कोणी सांगितला नव्हता, आणि सांगावयाची गरजही नव्हती.

वैशाखात हे काम निघे. गावठाणाच्या उकिरड्याकडून गाड्या येत. बायका पाट्या भरून शिडीने वर चढवीत. माती पसरून, पाणी शिंपून ती धुम्मसाने चोपली जाई. परनाळ्यांचे दगड साफ होत. आम्ही मुले वर जावयास आतुर, आणि वडीलधारी माणसे 'माळवदावर नाचू नका' म्हणून खालून ओरडणारी. संध्याकाळी त्या ओल्या मातीचा वास घरभर उतरे. तो वास म्हणजेच 'आता पाऊस येवो' अशी मुभा होती. ज्या घराच्या माळवदावर वैशाखात माती पडली नाही त्या घराविषयी गाव हळूच बोलू लागे: कर्ता पुरुष खचला, की भाऊ वेगळे झाले? माती घालणे ही नुसती डागडुजी नव्हती. घर नांदते आहे याची ती ग्वाही होती.

'योगक्षेम' हा शब्द आपण पत्रांत सहजगत्या वापरीत आलो. शंकराचार्यांनी गीताभाष्यात त्याची फोड केली आहे ती अशी की, जे प्राप्त नाही ते मिळविणे हा योग, आणि जे प्राप्त आहे त्याचे रक्षण हा क्षेम. आमच्या घराण्यांच्या वाट्याला योग फार पूर्वीच येऊन गेला. वतने, कुळकर्णे, देशमुख्या ज्यांनी मिळविल्या ते केव्हाच गेले. आम्हांकडे राहिला तो क्षेम. १९४८ साली राज्य बदलले, १९५६ साली जिल्ह्याचे तीन तुकडे होऊन निलंगा-उदगीर एका राज्यात, जहीराबाद-नारायणखेड दुसऱ्यात आणि आम्ही तिसऱ्यात, असे झाले. त्यानंतर तर राखणे हाच आमचा मुख्य व्यवसाय होऊन बसला. राखणाऱ्या माणसाचा नैतिक आत्मविश्वास मोठा असतो. मिळविणाऱ्याने कोणाचे तरी हिरावले असेल अशी शंका घेता येते. राखणाऱ्याने काय पाप केले? तो तर केवळ सांभाळतो आहे.

आता त्या मातीचा हिशेब पाहू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीवर बोटभर जाडीचा थर घातला तर तेवढ्याच मातीचे वजन सुमारे तीन क्विंटल भरते. पाऊस त्यातील काही वाहून नेतो, सगळी नेत नाही. दरवर्षी थोडी उरते. थर दीड फुटांपर्यंत पोहोचला म्हणजे त्या एका खोलीत निजणाऱ्यांच्या डोक्यावर सात टनांच्या आसपास माती असते, आणि भिजलेली असली तर त्याहून अधिक. हा हिशेब करावयास शाळेतले गणित पुरते. पण आमच्या घराण्यात वकील झाले, हिशेबतपासनीस झाले, एक अभियंताही झाला. हा हिशेब कोणी केला नाही.

तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूमीने केला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा प्रचंड नव्हे, पण सरकारी गणनेप्रमाणे आठ हजारांच्या घरात आणि इतर अंदाजांप्रमाणे दहा हजारांपर्यंत माणसे गेली. तो मुलूख आम्हांस परका नव्हता. उमरग्याच्या पलीकडे आपलीच बसवकल्याण-आळंदची शीव लागते. आपल्या कित्येक लेकी तिकडे दिलेल्या. नंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा जे आढळले ते आता सर्वश्रुत आहे. भिंती रुंद खऱ्या, पण बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर, मध्ये गोटे आणि चिखल भरलेला. दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. धक्क्यासरशी ते दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती खाली आली. माती जितकी जाड तितका आघात मोठा. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती ढासळूनही काही सांगाडे उभे राहिले. आणि कुडाच्या भिंती व गवताचे छप्पर असलेल्या झोपड्यांतील पुष्कळ माणसे वाचली. ज्यांच्याजवळ गाडीभर माती आणवण्याची ऐपत नव्हती त्यांच्या डोक्यावर पडावयास काही नव्हतेच. ज्या बायकांनी आयुष्यभर इतरांच्या माळवदावर पाट्या चढविल्या त्यांतल्या काही रात्री अशा झोपड्यांत निजत होत्या, हा विचार आम्हांस आजही अस्वस्थ करतो.

येथे प्रश्न उभा राहतो. ज्याने प्रेमाने, कर्तव्यबुद्धीने, वर्षानुवर्षे घर राखले, त्याच्या राखण्यानेच त्याची मुले दडपून गेली. तर दोष कोणाचा? आमच्या आजोबांपुरते उत्तर सोपे आहे. त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या स्मरणात भूकंप नव्हता, पाऊस होता. आणि पावसाविरुद्ध त्यांचे शास्त्र अचूक होते. अज्ञानाला दोष देता येतो तो जाणून घेण्याची वाट मोकळी असताना. ती त्यांना नव्हती.

पण आमचे काय? त्या पहाटे आमच्या भालकी तालुक्यातील घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पोट आले. देवघरातील समई आडवी झाली. काकू अंगणात येऊन उभ्या राहिल्या त्या उजाडेपर्यंत आत गेल्या नाहीत. पुढल्या महिनाभरात वर्तमानपत्रांतून सर्व कारणे आम्ही वाचली, त्यांवर पुण्यात आणि हैदराबादेत बसून चर्चा केल्या. आणि पुढच्या वैशाखात नेहमीप्रमाणे पैसे पाठविले, माती आणविली, माळवदावर घातली. त्याच्या पुढल्या वर्षीही. २००४ पर्यंत आम्ही हे करीत राहिलो. हे लिहिताना लाज वाटते, परंतु या लेखाचे कारणच ते आहे. आजोबांनी जे नकळत केले ते आम्ही अकरा वर्षे कळून केले.

असे का झाले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आळस म्हणावा तर माती चढविणे हे आळशी माणसाचे काम नाही. कंजूषी म्हणावी तर पैसे खर्च होतच होते. खरे कारण असे दिसते की, घालणे ही क्रिया प्रेमासारखी दिसते आणि काढणे ही तोडण्यासारखी. घालण्यास कोणाची संमती लागत नाही. ते चालत आलेले असते. काढण्यास निर्णय लागतो, आणि निर्णयास धनी लागतो. सहा भावंडांच्या सामाईक घरात धनी कोण? प्रत्येकाने आपला वाटा पाठवावा आणि समाधानाने निजावे, ही सोय मातीत होती.

शेवटी विषय निघाला तो तात्यांच्या पंचाहत्तरीला सगळे जमले तेव्हा. तात्या आमच्यात वडील. त्यांचा युक्तिवाद आम्ही येथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ते म्हणाले, ''ही माती नुसती माती नाही. आबांनी घातली, त्यांच्या वडिलांनी घातली. एकेका वर्षीचा एकेक थर आहे. दुष्काळातही थांबले नाहीत. तुम्हांला भय वाटते म्हणून तुम्ही ते खरवडून टाकणार, मग त्यांचे म्हणून काय उरले?'' आमच्यातील धाकट्यांनी भूकंपशास्त्र सांगितले. तात्यांनी त्यावर विचारले की, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या संकटासाठी दरसालचा पाऊस घरात घ्यावयाचा काय? हा प्रश्नही खोटा नव्हता. दोन्ही बाजूंनी बोलणे वाढत गेले. पितृऋणाचा उल्लेख झाला, कोणी त्यावर पुत्रऋण काढले. काकू तेथेच तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, ''तुम्ही वर्षातून एकदा वर चढता. मी रोज रात्री खाली निजते.''

त्यानंतर फारसे कोणी बोलले नाही.

काकूंच्या त्या दोन वाक्यांत जे आहे ते आम्हांस कोणत्याही नीतिशास्त्राच्या ग्रंथात इतके नेमके सापडले नाही. राखणे चांगले की वाईट हे राखणाऱ्याच्या भावनेवरून ठरत नाही. ज्याच्या डोक्यावर ते येते त्याला विचारून ठरते. आमच्या समाजात केवळ माळवदेच जड झालेली नाहीत. लग्नातील मानपान पाहावेत: प्रत्येक पिढीने एक आहेर वाढविला, एकीनेही कमी केला नाही. व्रतांची उद्यापने, सणांचे नैवेद्य, श्राद्धाच्या पंक्ती. घालणारे पुरुष आणि ते पेलणारी घरात आलेली सून. परमुलखात आपलेपण टिकविण्यासाठी हे सारे हवे, असे आम्ही म्हणत आलो, आणि त्यात तथ्यही होते. पण त्या सुनेला कोणी विचारले होते?

तात्यांच्या आक्षेपाला आम्ही जे उत्तर पुढे त्यांना पत्राने दिले ते त्यांच्याच ग्रंथसंग्रहातून काढले होते. आपण 'जीर्णोद्धार' हा शब्द मंदिराला नवे शिखर चढविण्याच्या अर्थी वापरतो. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधी पाहिला तर तेथे पहिले काम काढण्याचे आहे. जीर्ण, भग्न झालेली मूर्ती विधिपूर्वक उचलावी. लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, पाषाणाची असेल तर खोल जलात सोडावी. मग नवी स्थापावी. जिची शतकभर पूजा झाली ती मूर्तीसुद्धा. शास्त्रकारांना ठाऊक होते की भक्त हे आपण होऊन करणार नाही, म्हणून त्यांनी काढण्यालाच विधीची प्रतिष्ठा दिली. विलायतेत विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा रोखही भपकेदार पुनर्निर्माणापेक्षा रोजच्या साध्या देखभालीवर होता. आणि दूर कशाला जावे, आपल्या बीदरमध्ये महमूद गवानाचा मदरसा आहे. १४७२ साली उभा राहिलेला. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने त्याचा एक भाग उडाला. पडलेला मिनार कोणी पुन्हा उभारला नाही. उरला आहे तेवढा जपला आहे, आणि त्या रिकाम्या जागेमुळे इमारतीची शोभा उणावली असे आम्हांस तरी कधी वाटले नाही.

तात्यांचे उत्तर एका ओळीचे आले: 'करा, पण मजूर नको, गवंडी बोलवा.'

२००४ च्या चैत्रात काम सुरू झाले. ज्या वृद्ध गवंड्याला बोलाविले त्याने प्रथम एका कोपऱ्यात फावड्याने उभा छेद घेतला. वीत-दोन वीत नव्हे, जवळजवळ दोन फूट माती निघाली. छेदात रंगांच्या पुसट रेघा दिसत होत्या: पांढरट, राखी, मध्येच एक लालसर, बहुधा पांढरी मिळाली नाही त्या वर्षी जांभ्याची माती आणलेली. त्यात चिंचोके सापडले, काचेच्या बांगडीचा तुकडा, आणि गलोलीचे दोन मातीचे खडे, ज्यांवर आमच्यातील दोघांनी एकाच वेळी हक्क सांगितला. गवंड्याला आम्ही विचारले की जुन्या लोकांना ही जाडी कशी चालली? तो म्हणाला, ''जुने लोक आधी चार बोटं खरवडायचे मालक, आन् मग तीच माती चाळून, नवी मिसळून घालायचे. खरवडायला दोन दिस जास्त लागतात. पुढं रोजगार महाग झाला, तवा खरवडणं सुटलं, घालणं तेवढं राहिलं.''

हे ऐकून आम्ही काही वेळ गप्प राहिलो. म्हणजे परंपरा दोन हातांची होती, आणि आम्ही परंपरेच्या नावाने तिचा एकच हात चालविला होता. परंपरेतला जो भाग दिसत नाही तोच प्रथम गळतो, कारण त्याची गावात वाखाणणी होत नाही. खरवडलेले माळवद रस्त्यावरून जाणाऱ्याला कोठे दिसते?

येथे एक सावधगिरीची सूचना दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. काढावयाचे म्हणजे सारेच मोडावयाचे असा अर्थ आमच्या भागात भूकंपानंतर अनेकांनी घेतला. चांगली सागवानी तुळयांची घरे पाडून पत्र्याची केली. उन्हाळ्यात त्यांत दुपारी बसवत नाही. काहींनी याच्या उलट, जुन्या मातीवरच सिमेंटचा थर ओतला. वजन आणखी वाढले, आत अडकलेली ओल बाहेर पडेना, आणि लाकूड आतून कुजू लागले. बाहेरून घर नवे दिसते. ही दुसरी चूक अधिक भयंकर, कारण तिच्यात जुन्याचा भार आणि नव्याचा आंधळेपणा दोन्ही आहेत. आमच्या गवंड्याने वीतभर माती ठेवली, खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला, उतार नीट केला, पश्चिमेची भिंत उसवून तीत आरपार दगड घातले. दीड महिना लागला. खर्च दहा वर्षांच्या मातीहून अधिक आला. त्यावर भावंडांत जे बोलणे झाले ते येथे नको.

काढलेली माती काकूंनी उकिरड्यावर टाकू दिली नाही. बावीस ट्रॉल्या भरल्या. पांढरीची माती पिकाला मानवते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक. ती ओढ्याकाठच्या काळीत पसरली. तात्या त्या दिवशी मुद्दाम हैदराबादेहून आले होते. बांधावर खुर्ची टाकून ते दुपारभर बसले. पहिली ट्रॉली रिकामी झाली तेव्हा त्यांनी पायातील वहाण काढली, एवढे आम्हांस आठवते.

त्या वर्षी मृगाचा पाऊस जोराचा लागला. दुसऱ्या दिवशी काकूंचा दूरध्वनी आला: स्वयंपाकघरात चुलीच्या अंगाला एका जागी गळते आहे, खाली परात ठेवली आहे. आम्ही गवंड्याला पाठविले. तो वर जाऊन पाहून आला आणि म्हणाला, परनाळ्याजवळ माती बसली आहे, दोन पाट्या पुरतील. काकूंनी विचारले, ''दोनच ना?'' तो हो म्हणाला, तरी त्या शिडीखाली उभ्या राहून पाट्या मोजत होत्या.